पायीची वहाण आणि सर्व देहाचे स्वास्थ्य

‘पायीची वहाण पायीच बरी’ ही म्हण आपल्या समाजातील प्रत्येक घराने केव्हा ना केव्हा ऐकलेली आहे. म्हणणाऱ्यास वहाणेविषयी काही सांगावयाचे नसते. समोरच्या माणसास त्याची पायरी दाखवावयाची असते. परंतु म्हणीचा रोष घटकाभर बाजूस ठेवून खुद्द वहाणेचाच इतिहास पाहू लागले, तर जी वस्तू इतकी हलकी मानली गेली तिच्यावाचून किती देह पंगू झाले आणि तिच्या योगाने किती सावरले, याची हकीकत हाती येते. देणगीदारांच्या नामावळी आणि गुणवंत विद्यार्थ्यांची छायाचित्रे यांच्या जोडीस आपल्या वंशपरंपरागत धंद्याचीही चार पाने या स्मरणिकेत असावीत, म्हणून आम्ही हा लेख सिद्ध केला आहे.

पायाचा संबंध सर्व शरीराशी आहे, ही गोष्ट आपल्या पूर्वजांस अवगत होती. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील पाचव्या अध्यायात दिनचर्येचे नियम सांगताना पादत्राण धारण करण्याचे गुण दिले आहेत : ते डोळ्यांस हितकर, त्वचेस हितकर, पायांची पीडा दूर करणारे आणि बल देणारे आहे. डोळ्यांविषयीचे विधान आजचे वैद्यक जसेच्या तसे स्वीकारील असे नाही. उरलेल्या गोष्टींविषयी मात्र वाद होण्याचे कारण दिसत नाही. त्या ठिकाणी पादत्राण घडविणाऱ्याचा उल्लेख नाही, हे जाता जाता नमूद केले पाहिजे.

माणसाच्या एका पावलात 26 हाडे असतात. ती सरळ मांडलेली नसून कमानीसारखी रचलेली असतात, आणि चालताना ही कमान किंचित दबते व पुन्हा उचलली जाते. पाऊल आतल्या बाजूस कलले की नडगीचे हाड वळते, त्यामागे गुडघा वळतो आणि गुडघ्याचा भार कंबरेस सोसावा लागतो. पोटरीचे स्नायू प्रत्येक पावलागणिक आवळून पायातील रक्त हृदयाकडे ढकलतात. पाय दुखतो म्हणून ज्याचे चालणे सुटले, त्याचे हे कार्यही मंदावते. तळपायाची आग मस्तकास जाते असे आपण रागाच्या प्रसंगी म्हणतो. शरीरशास्त्राच्या दृष्टीनेही ते बोलणे सर्वस्वी अलंकारिक नव्हे.

आता इतिहासाकडे वळू. 1858 साली हेन्री व्हँडाइक कार्टर नावाचा इंग्रज डॉक्टर मुंबईस आला व ग्रँट मेडिकल कॉलेजात शरीररचनाशास्त्र शिकवू लागला. त्याच वर्षी लंडनमध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रे यांच्या शरीररचनाशास्त्रावरील विख्यात ग्रंथातील चित्रे याच कार्टरने काढली होती. मुंबईच्या इस्पितळात त्याच्यापुढे जे रोगी येत, त्यांत कित्येक शेतकरी व मजूर असे असत की ज्यांचे एक पाऊल सुजून बेढब झालेले, त्यास ठिकठिकाणी भोके पडलेली आणि त्यांतून काळे वा पिवळट कण वाहत असलेले. मदुरेकडील डॉक्टरांनी हा रोग आधीच पाहिला होता, म्हणून त्यास ‘मदुरा फूट’ असे नाव पडले होते. कार्टरने सूक्ष्मदर्शकाखाली ते कण तपासून हा बुरशीचा विकार आहे असे प्रतिपादिले व 1860 च्या सुमारास त्यास ‘मायसेटोमा’ हे नाव दिले. पुढे तो साताऱ्यास सिव्हिल सर्जन होता. 1874 साली त्याने या रोगावर स्वतंत्र ग्रंथच लिहिला. बुरशीप्रमाणेच काही जिवाणूंमुळेही हा विकार होतो, हे नंतर सिद्ध झाले.

या रोगाचे मूळ कशात आहे? बाभळीचा काटा, कुसळ, धसकट. अनवाणी पायात काटा मोडतो, त्याबरोबर मातीतील बुरशी आत शिरते, आणि कित्येक महिने, कधी वर्षेही, रोगी त्याकडे लक्ष देत नाही, कारण ठणका फारसा नसतो. पुढे रोग हाडास भिडतो आणि पाय कापण्याची पाळी येते. एका काट्यापायी कर्ता पुरुष कायमचा घरी बसतो. 2016 साली जागतिक आरोग्य संघटनेने या विकाराचा समावेश दुर्लक्षित रोगांच्या यादीत केला. म्हणजे कार्टरने नाव दिल्यावर दीडशे वर्षांनीही तो दुर्लक्षितच होता. ज्यांस होतो ते लोक कोण, हे लक्षात घेतले म्हणजे त्याचे नवल वाटत नाही.

येथे एक कटू गोष्ट लिहिणे प्राप्त आहे. अनवाणी चालणे हे सर्वत्र केवळ दारिद्र्याचे फळ नव्हते. कित्येक गावी अस्पृश्य मानलेल्या माणसाने वरिष्ठांच्या आळीतून जाताना वहाणा काढून हातात घ्याव्यात असा दंडक होता, आणि त्यातून वहाणा शिवणाराही सुटलेला नव्हता. आपल्या हातची वस्तू दुसऱ्याच्या पायात घालावयाची आणि त्याच्या दारावरून जाताना आपली काखोटीस मारावयाची, असा तो न्याय. कातडी कमावणाऱ्या आपल्या बांधवांची दशा तर याहून बिकट होती. चुन्याच्या पाण्याने त्यांचे हातपाय सोलून निघत, त्वचेस भेगा पडत, आणि त्याची नोंद कोणत्याही ग्रंथात फारशी सापडत नाही. राज्यकर्त्यांनीही पादत्राणास मानापमानाचे चिन्ह केले. 1854 साली लॉर्ड डलहौसीच्या सरकारने असे ठरविले की, युरोपीय पद्धतीचे बूट व मोजे घालून येणाऱ्या हिंदी गृहस्थास सरकारी समारंभात ते काढावे लागू नयेत. देशी जोडा घालणाऱ्याने मात्र तो काढलाच पाहिजे. प्रतिष्ठा बुटात आहे, असा धडाच या ठरावाने घालून दिला.

आणि ते बूट तरी पायास हितकर होते काय? युरोपात कित्येक शतके डावा व उजवा जोडा एकाच फर्म्यावर बनत असे. अठराव्या शतकाच्या अखेरीस हॉलंडमधील शरीरशास्त्रज्ञ पेट्रस कँपर याने जोड्याचा आकार कसा असावा यावर प्रबंध लिहिला. 1858 च्या सुमारास झुरिकचे हेर्मान फॉन मायर यांनी दाखविले की निमुळत्या जोड्याने पायाचा अंगठा बाहेरच्या बोटांकडे ढकलला जातो आणि पाऊल कायमचे विद्रूप होते. तरी फॅशनपुढे कोणाचे चालले नाही. अमेरिकन सैन्याने मात्र सुमारे दोन हजार सैनिकांच्या पायांची पाहणी करून घेतली, आणि त्या आधारे एडवर्ड मन्सन या लष्करी डॉक्टराने 1912 साली पायाच्या खऱ्या आकाराचा फर्मा पुढे मांडला. पंडितांचे शब्द बाजारात पडून राहिले आणि फौजेची गरज निघताच ते अमलात आले, असा हा प्रकार दिसतो.

पायात काहीच नसणे हेही निर्धोक नव्हते. 1898 साली कैरो येथे आर्थर लूस या जर्मन शास्त्रज्ञाच्या हातावर अंकुशकृमीच्या अळ्यांचे पाणी चुकून सांडले, त्वचेस खाज सुटली आणि काही आठवड्यांनी ते कृमी त्याच्याच पोटात आढळले. मळमिश्रित ओल्या मातीतून हे कृमी अनवाणी तळपायातून शिरतात, आतड्यात ठाण मांडतात आणि रक्त शोषतात. पांढुरके डोळे, दम, अशक्तपणा, अभ्यासात मागे पडणारे मूल, या साऱ्याचे मूळ तळपायाच्या त्वचेत असू शकते.

यावरून लहान मुलांस चालू लागताक्षणी बंद बुटांत कोंबावे, असा अर्थ कोणी काढू नये. उदय भास्कर राव व बेंजामिन जोसेफ या भारतीय डॉक्टरांनी 4 ते 13 वर्षे वयाच्या 2300 मुलांच्या पायांचे ठसे तपासून 1992 साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. पादत्राणे वापरणाऱ्या मुलांत सपाट पावलांचे प्रमाण शेकडा 8.6, तर अनवाणी फिरणाऱ्यांत 2.8 आढळले, आणि बंद बूट घालणाऱ्यांत ते सर्वांत अधिक, चपला व सँडल घालणाऱ्यांत त्याहून कमी होते. आपल्या मुलांच्या पायात घरी काही नसावे, बाहेर मोकळी चप्पल असावी, या जुन्या घरगुती रीतीस यामुळे चांगला पुरावा मिळाला. शाळेच्या गणवेशातील काळ्या बुटांविषयी पालकांनी अवश्य विचार करावा.

मोकळी चप्पल म्हटले की कोल्हापूरचे नाव येणारच. म्हशीचे कातडे, बाभळीची साल व हिरडा यांनी केलेली कमावणी, खिळ्याऐवजी चामड्याच्याच वादीने घातलेली शिवण, आरी व रापी यांवाचून फारसे हत्यार नाही, आणि वेणी गुंफण्याचे काम बहुधा घरातील स्त्रियांच्या हातचे. राजर्षी शाहू महाराजांनी या धंद्यास उत्तेजन दिले. 1974 साली राज्यात चर्मोद्योगासाठी महामंडळ स्थापन झाले व त्यास संत रोहिदासांचे नाव मिळाले. 2019 साली महाराष्ट्र व कर्नाटक यांतील प्रत्येकी चार जिल्ह्यांच्या कारागिरांस भौगोलिक मानांकन लाभले. 2025 च्या जून महिन्यात इटलीतील एका बड्या पेढीने मिलान येथे असल्याच चपला आपल्या म्हणून मिरविल्या, तेव्हा वृत्तपत्रांतून मोठा गहजब झाला. त्यात सन्मानाचा प्रश्न पुष्कळ चर्चिला गेला. ती चप्पल कोणत्या पायास मानवते व कोणत्या नाही, हा प्रश्न कोणी काढला नाही. त्याचे उत्तर शोधावयाचे तर वेलोरकडे जावे लागते.

1946 साली डॉक्टर पॉल ब्रँड वेलोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात दाखल झाले. कुष्ठरोग्यांची बोटे व तळपाय झडतात ते मांसच सडके झाल्यामुळे, अशी त्या काळी बहुतेकांची समजूत होती. ब्रँड यांना उलट आढळले. रोग्याची जखम प्लास्टरमध्ये बांधून विश्रांती दिली, तर ती इतरांच्या जखमेप्रमाणेच भरून येते. प्लास्टर काढून तो चालू लागला की पुन्हा फुटते. कारण मांसात नव्हते, चालण्यात होते. निरोगी माणूस दोन कोस चालला की तळपायाच्या एका ठिकाणी दुखू लागते, आणि तो नकळत लंगडतो, भार दुसरीकडे टाकतो. ज्याची संवेदना गेली तो लंगडत नाही. त्याचे पाऊल त्याच ठिकाणी हजारो वेळा पडते आणि आतील मांस चेंगरून व्रण होतो. चपलेतून वर आलेला खिळा त्यास दिवसभर कळत नाही.

रोगाचे निदान असे झाल्यावर औषधापेक्षा पादत्राणास महत्त्व आले. वेलोर व शेजारील करिगिरी येथे निरनिराळ्या वहाणा करून पाहण्यात आल्या. अखेर सूक्ष्म छिद्रांचे मऊ रबर आत, त्याखाली टणक तळ, मागे टाचेचा पट्टा आणि कोठेही खिळा नाही, अशी वहाण ठरली, व ती देशभरच्या कुष्ठसेवा केंद्रांत पोहोचली. आमच्या मते या शोधात शल्यवैद्याइतकाच वाटा मोची व चर्मकार यांच्या कामाचा आहे. तळाखाली कोणता थर किती जाडीचा लावावा, हे शस्त्रक्रियेच्या टेबलावर ठरत नाही. 1968 साली जयपूरच्या कृत्रिम पायाचा जन्म झाला तेव्हाही डॉक्टर प्रमोद करण सेठी यांच्या बरोबरीने रामचंद्र शर्मा हे कारागीर होते, याचे येथे स्मरण होते.

1966 साली ब्रँड अमेरिकेत लुइझियाना राज्यातील कारव्हिलच्या कुष्ठ रुग्णालयात गेले, आणि तेथे वेलोरचे ज्ञान मधुमेहाच्या रोग्यांस लागू पडले. कारण जुनाट मधुमेहातही पायाची संवेदना अशीच जाते. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीत भारतात मधुमेही 10 कोटींहून अधिक असल्याचे दिसून आले. आपल्या ज्ञातीतील किती घरी हा रोग आहे, हे ज्याचे त्याने मोजावे.

अशा रोग्यास कोल्हापुरी चप्पल देऊ नये. हे लिहिताना आम्हांस संकोच वाटत नाही. तिचा तळ कठीण असतो, अंगठ्याची पकड त्वचेस घासते, आणि टाचेस पट्टा नसल्याने ती पायात राहावी म्हणून बोटे आवळून धरावी लागतात. बधिर बोटांस हे जमत नाही व चप्पल निसटल्याचे कळतही नाही. निरोगी पायास ती शोभते. परंतु ज्या हातांना वादीची बिनखिळ्याची शिवण येते, त्यांस मऊ थराची, रुंद पट्ट्याची, मागे बंद असलेली वहाण शिवणे कठीण जाऊ नये. मोठ्या शहरांतील मधुमेह-चिकित्सालयांतून अशी पादत्राणे मापानुसार करून देण्याचे काम चालते. आपल्या तरुणांनी तेथे जाऊन ते शिकावे. माप सायंकाळी घ्यावे, कारण तोवर पायास थोडी सूज आलेली असते. रोग्यास उभे करून, दोन्ही पायांचे निरनिराळे घ्यावे आणि सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा सोडावी. नवी वहाण पहिल्या दिवशी तासभरच घालावी व काढल्यावर तळपाय आरशात पाहावा. लाल डाग दिसला आणि तो अर्ध्या तासात गेला नाही, तर वहाण परत चर्मकाराकडे न्यावी, त्याने त्या जागी थर कोरून द्यावा. देवळाच्या आवारातील दुपारच्या तापलेल्या फरशीवर बधिर पाय असलेल्यांनी अनवाणी जाऊ नये. तेथील चटके त्यांस घरी आल्यावर, फोड पाहूनच समजतात.