पेट्रोलचे दोन आणे आणि परंड्याची एस.टी.

परंड्याचा भुईकोट पाहायला कुणी आलं, की मी आधी तिथे नसलेल्या तोफेबद्दल सांगतो. विजापूरची मुलूखमैदान 1632 मध्ये इथूनच गेली. चारशे बैल आणि दहा हत्ती जुंपले होते, असं सांगतात. एवढं धूड गावाबाहेर गेलं, पण आगगाडी काही गावात आली नाही!

ती जवळून गेली. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरने 1897 मध्ये बार्शी रोड, म्हणजे आजचं कुर्डुवाडी, ते बार्शी अशी अडीच फुटी लाइन सुरू केली. 1911 मध्ये ती लातूरला पोचली. परंडा तिच्यापासून पंचवीसेक किलोमीटरवर आणि निजामाच्या हद्दीत. मधे करोडगिरीचे नाके.

रस्त्यांचं नशीब मात्र तेव्हाच उघडलं, आणि तेही एका मराठी माणसाच्या हातून. बॅरिस्टर मुकुंदराव जयकरांच्या अध्यक्षतेखाली 1927 मध्ये रस्ते समिती नेमली गेली. तिच्या शिफारशीवरून 1929 मध्ये पेट्रोलच्या गॅलनमागे चार आण्यांची जकात सहा आणे झाली. वरचे दोन आणे फक्त रस्त्यांसाठी, असा वेगळा निधीच उघडला. वाटणी पेट्रोलच्या खपावर. म्हणजे जिथे मोटारी जास्त, तिथे पैसा जास्त. परंड्यासारख्या गावाच्या वाट्याला काय येणार, हे सांगायला नको.

निजामाने वेगळी वाट धरली. 1932 मध्ये त्याच्या रेल्वेनेच 27 बसगाड्या घेऊन मोटार खातं काढलं. रूळ आणि रस्ता एकाच घरात! इंग्रजी मुलखात त्याच सुमारास मोटारी रेल्वेचं उत्पन्न खातात म्हणून चौकशी चालू होती. मला निजामी राज्याचं कौतुक नाही, पण ही गोष्ट शहाणपणाची होती.

पुढे 1956 मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि आमची बस एस.टी. झाली. जयकरांचा निधीही टिकला. 2000 साली त्याचा नवा कायदा झाला. डिझेलच्या उपकरातला निम्मा वाटा ग्रामीण रस्त्यांना, उरलेल्यातला साडेसत्तावन्न टक्के राष्ट्रीय महामार्गांना, तीस टक्के राज्यांच्या रस्त्यांना. रेल्वेला साडेबारा टक्के, तेही फाटकांवर पूल बांधायला. मोटारी थांबू नयेत म्हणून! बससाठी काहीच नाही. 2018 मध्ये निधीच्या नावात ‘पायाभूत सुविधा’ आल्या, कक्षा रुंदावली. पण जवळपास नव्वद वर्षांची सवय कायद्याच्या एका दुरुस्तीने मोडत नाही.

उलट एस.टी.च्या तिकिटातून कित्येक वर्षे साडेसतरा टक्के प्रवासी कर सरकारजमा होत आला. तिच्या डिझेलवरचा उपकर रस्त्याला गेला, टोल भरला तो वेगळाच. तोट्याची चर्चा करताना हे कुणी फारसं मांडत नाही.

2008 पर्यंत लातूर ते कुर्डुवाडी ब्रॉडगेज झाली. वळण घेऊन ती उस्मानाबादला, म्हणजे आताच्या धाराशिवला, गेली. परंडा पुन्हा बाजूलाच. आम्हाला स्टेशन गाठायचं तर एस.टी.च. 2021 च्या नोव्हेंबरपासून 2022 च्या एप्रिलपर्यंत संप चालला. मागणी होती महामंडळ सरकारात विलीन करण्याची, म्हणजे पगार तिजोरीतून मिळावा अशी. ती मान्य झाली नाही. त्या महिन्यांत रस्ते चांगले मोकळे होते. ज्यांच्या घरी मोटारसायकलही नव्हती, ते स्टँडवर जीपवाला सांगेल ते भाडं देत होते.