तोलाची परीक्षा आणि तिचे माप

तरुणाच्या शरीराची पारख महाराष्ट्रात पूर्वी आखाड्यात होई. तेथे वस्तादाची नजर हेच माप होते. चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ ग्रंथात मल्लांच्या स्तंभश्रमाचा निर्देश आहे. त्या व्यायामाला दुसऱ्या बाजीरावाच्या काळी बाळंभटदादा देवधर यांनी नवजीवन दिले, असे परंपरा मानते. मल्लखांबाचा खांब वर निमुळता होत जातो आणि त्याला एरंडेल लावलेले असते. अंग, मान व बोंड या त्याच्या तीन भागांपैकी बोंडावर एका पायाने उभे राहताना तोल ढळला, तर तो कोणत्याही कसरतीने लपत नाही. बळ आणि चापल्य दोन्ही असूनही गडी येथे उघडा पडतो. परीक्षा साधनातच सामावलेली असल्याने तिची वेगळी नोंद ठेवण्याची गरज कोणास भासली नसावी.

युरोपात तोलाचे शास्त्रीय परीक्षण रुग्णालयात जन्मले. जर्मन वैद्य मोरिट्झ रोम्बर्ग यांनी १८४० च्या दशकात पाय जुळवून व डोळे मिटून उभे राहण्याची चाचणी वर्णिली. डोळे, अंतर्कर्ण आणि स्नायू-सांध्यांची संवेदना या तिघांच्या आधाराने शरीर सावरते. डोळे मिटताच उरलेल्या दोघांतील उणीव प्रकट होते. पेण तालुक्यातील जित्याच्या परिसरासारख्या भातशेतीच्या मुलखात पावसाळ्यातील निसरड्या बांधावरून भारा घेऊन चालणारा शेतकरी हीच कसोटी देतो. मात्र तिला चाचणी कोणी म्हणत नाही.

१९३६ साली अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने बर्लिन येथे भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके केली. कौतुक झाले, परंतु त्यातून मापनपद्धती निघाली नाही. पुढे १९५९-६० मध्ये केंद्र शासनाने राष्ट्रीय शारीरिक क्षमता मोहीम सुरू केली, तेव्हा धावणे, उडी, गोळाफेक अशा सेकंदांत व मीटरांत उतरणाऱ्या गोष्टींना अग्रस्थान मिळाले. जे मोजण्यास सोपे, तेच महत्त्वाचे ठरले, असे म्हणणे फारसे अन्यायाचे होणार नाही.

अलीकडच्या ‘खेलो इंडिया’ शालेय चाचण्यांत ५ ते ८ वर्षांच्या मुलांसाठी एका पायावर उभे राहण्याची ‘फ्लेमिंगो’ चाचणी आहे. नववे वर्ष लागताच धावणे, पुढे वाकणे, दंड व पोटाचे व्यायाम राहतात. तोल यादीतून गळतो, आणि अठराव्या वर्षापर्यंत तो तेथे परत येत नाही.