तळटीप : ‘निन्टेंडो प्लेस्टेशन’

* लेखकाला इथे १९९४ साली जपानमध्ये विक्रीस आलेले प्लेस्टेशन अभिप्रेत नाही. हा त्याआधीचा, बाजारात कधीच न पोचलेला नमुना. सुपर फॅमिकॉम या निन्टेंडोच्या गेम कन्सोलला सीडीची जोड देण्यासाठी सोनी आणि निन्टेंडो एकत्र आले होते. जून १९९१मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात सोनीने ही घोषणा केली आणि दुसऱ्याच दिवशी निन्टेंडोने फिलिप्सशी हातमिळवणी जाहीर केली. पुढे सगळेच बारगळले. उजेडात आलेला एक नमुना एका दिवाळखोर वित्तसंस्थेच्या सामानाच्या लिलावात, ७५ डॉलरला घेतलेल्या ढिगात सापडला. २०१५मध्ये त्याची छायाचित्रे जगापुढे आली. प्लॅस्टिक पिवळे पडलेले, वर कार्ट्रिजची खाच, पुढे सीडीचा खण आणि निन्टेंडोच्या घाटाच्या कंट्रोलरवर चक्क सोनीचे नाव! सीडीचा भाग सुरू व्हायला २०१७ उजाडले. मार्च २०२०मध्ये हेरिटेज ऑक्शन्सच्या लिलावात त्याला ३,६०,००० डॉलर मिळाले.

किमतीपेक्षा जतन मोलाचे, असे आम्हांला मनापासून वाटते. विकसनाच्या काळातल्या कार्ट्रिजांत बहुधा ईप्रॉम चिपा असतात. त्यांच्या काचेच्या खिडकीवरची चिकटपट्टी हौसेपोटीही सोलू नये; अतिनील किरण आत गेले की साठवलेला खेळ पुसला जातो. पट्टी शाबूत असली तरी चिपेतला विद्युतभार वर्षानुवर्षे झिरपतच असतो. म्हणून वस्तू हाती आल्यावर तिच्यातल्या माहितीची प्रत आधी काढावी, किंमत मग ठरवावी. — संपादक