एका आसनाचा इतिहास

‘वैमानिक’ हा शब्द मराठीत स्त्री-पुरुष दोघांनाही चालतो. तरीही बाईविषयी लिहिताना आपण त्याच्या आधी ‘महिला’ हे विशेषण न चुकता जोडतो. ‘हवाई सुंदरी’ला असे काही जोडावे लागत नाही. विमानात स्त्रीची जागा कोणती हे भाषेने परस्पर ठरवून टाकले, आणि त्या जागेसाठी रूपाची अटही शब्दातच घालून ठेवली. भारतातील वैमानिक स्त्रियांचा इतिहास ‘पहिली कोण?’ या प्रश्नाभोवती सांगण्याची आपल्याकडे प्रथा आहे. त्यापेक्षा कोणाला कोणत्या आसनावर बसू दिले गेले आणि कोणत्या आसनावरून परत पाठवले गेले, हे पाहणे मला अधिक उद्बोधक वाटते.

सरला ठकराल यांचे उदाहरण सर्वपरिचित आहे. १९३६ साली लाहोरला, वयाच्या एकविसाव्या वर्षी, त्यांनी ‘जिप्सी मॉथ’ विमान एकटीने उडवले. त्या वेळी त्या एका लहान मुलीची आई होत्या. त्यांच्यावरच्या बहुतेक लेखांत त्या साडी नेसून विमानात चढल्या हे अगत्याने येते. पुढे काय झाले ते मात्र दोन ओळींत उरकले जाते. पती पी. डी. शर्मा स्वतः वैमानिक होते. १९३९ मध्ये ते विमान अपघातात गेले. सरलाबाई व्यावसायिक परवान्यासाठी जोधपूरला गेल्या, तोच दुसरे महायुद्ध सुरू झाले आणि नागरी प्रशिक्षण बंद पडले. त्या लाहोरला परतल्या, चित्रकला शिकल्या, फाळणीनंतर दिल्लीला आल्या आणि दागिने व वस्त्रांचे नक्षीकाम करून त्यांनी नाव कमावले. २००८ साली त्यांचे निधन झाले. परवाना होता, तासही भरले होते. विमान चालवण्याची नोकरी मात्र त्यांच्या वाट्याला आली नाही.

नोकरी मिळाली प्रेम माथूर यांना. आठ विमान कंपन्यांनी नकार दिल्यानंतर १९४७ मध्ये हैदराबादच्या डेक्कन एअरवेजने त्यांना घेतले, तेही सहवैमानिक म्हणून. १९४९ ची राष्ट्रीय हवाई शर्यत त्यांनी जिंकली. एवढे होऊनही विमानाची मुख्य सूत्रे आपल्या हाती येत नाहीत असे दिसल्यावर त्यांनी ती कंपनी सोडली. कौशल्याविषयी शंका नव्हती, अडचण आसनाची होती. दुर्बा बॅनर्जी यांच्याविषयी सांगितली जाणारी हकीकत तर या लेखाच्या पहिल्या परिच्छेदाशी थेट जुळते. वैमानिक म्हणून नोकरी मागायला त्या गेल्या, तेव्हा नागरी विमानवाहतूक मंत्री हुमायून कबीर यांनी त्यांना हवाई सुंदरीची जागा देऊ केली. मंत्री तत्त्वज्ञानाचे अभ्यासक होते, साहित्यिक होते. त्यांनाही दुसरी जागा सुचली नाही! बॅनर्जी १९६६ मध्ये इंडियन एअरलाइन्समध्ये रुजू झाल्या आणि पुढे ‘फोकर फ्रेंडशिप’ विमानाच्या कमांडर झाल्या.

याच ‘फोकर’वर नोव्हेंबर १९८५ मध्ये कॅप्टन सौदामिनी देशमुख आणि त्यांच्या सहवैमानिक निवेदिता भसीन यांनी कलकत्ता ते सिलचर हे उड्डाण केले. (सौदामिनी म्हणजे वीज. वैमानिक ज्या गोष्टीला वळसा घालून जातात, तेच नाव एका वैमानिकाला असावे, ही गंमत मराठी वाचकालाच कळेल.) सर्व कर्मचारी स्त्रिया असलेली उड्डाणे आता दरवर्षी आठ मार्चला होतात आणि छायाचित्रापुरती उरतात, असा आक्षेप घेता येतो, तो मला मान्यही आहे. १९८५ ची गोष्ट वेगळी होती. कॉकपिटमध्ये दोन आसने असतात. त्यांपैकी एकावर पुरुष असेपर्यंत ‘खरे विमान तोच चालवतो’ अशी समजूत करून घेण्याची सोय प्रवाशाला असते. सिलचरच्या उड्डाणात ती सोय उरली नाही. सप्टेंबर १९८९ मध्ये याच दोघींनी मुंबई ते गोवा मार्गावर बोइंग ७३७ नेले, आणि १ जानेवारी १९९० रोजी, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, भसीन यांनी जेट विमानाची कमान स्वतः सांभाळली. त्या दिवशीचा मार्ग होता मुंबई, औरंगाबाद, उदयपूर.

नागरी विमानांत हे घडले तरी लढाऊ विमानाचे दार बंदच होते. तिथे खानदेशाचा संबंध येतो. २५ नोव्हेंबर २००९ रोजी पुण्याच्या लोहगाव तळावरून राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांनी ‘सुखोई-३०’मधून सुमारे अर्धा तास उड्डाण केले. त्या वेळी त्या ७४ वर्षांच्या होत्या. जळगाव जिल्ह्यातील नाडगावला जन्मलेल्या आणि जळगावच्याच मूळजी जेठा महाविद्यालयात शिकलेल्या प्रतिभाताईंचा जी-सूटमधला फोटो इकडे कौतुकाने पाहिला गेला, ते स्वाभाविकच होते. कौतुकात एक विसंगती मात्र झाकली गेली. त्या मागच्या आसनावर पाहुण्या म्हणून बसल्या होत्या, आणि ज्या सैन्यदलांच्या त्या सरसेनापती होत्या त्यांतील एकाही स्त्री अधिकाऱ्याला त्या विमानाच्या पुढच्या आसनावर बसण्याची परवानगी नव्हती. त्याच महिन्यात हवाई दलाच्या तत्कालीन उपप्रमुखांनी स्त्रियांना लढाऊ वैमानिक करण्याबाबत बाळंतपणाचा आणि प्रशिक्षणावरच्या खर्चाचा मुद्दा जाहीरपणे मांडला होता. पुढचे आसन मोकळे करण्याचा निर्णय २०१५ मध्ये झाला. १८ जून २०१६ रोजी अवनी चतुर्वेदी, भावना कांत आणि मोहना सिंग या तिघी हवाई दलाच्या लढाऊ शाखेत दाखल झाल्या. प्रतिभाताईंच्या उड्डाणाला तोवर साडेसहा वर्षे झाली होती.

धुळ्यात देवपूर ओलांडून गोंदूरकडे निघाले की तिथली धावपट्टी लागते. १९२८ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे फ्लाइंग क्लबने जुहूवरची गर्दी वाढल्यावर आपले प्रशिक्षण इथे आणले. भारतातील वैमानिकांमध्ये स्त्रियांचे प्रमाण आता १२ ते १५ टक्क्यांच्या घरात आहे, म्हणजे जगाच्या सरासरीच्या दुपटीहून अधिक. गोंदूरच्या शिकाऊ विमानातही आसने दोनच, शेजारी शेजारी. विद्यार्थी, मुलगा असो वा मुलगी, डावीकडे बसतो, म्हणजे कमांडरच्या बाजूला, शिक्षक उजवीकडे.