बोर्डाची शाळा

कोल्हापूर भागातल्या एखाद्या वयोवृद्ध शेतकऱ्यास "आपले शिक्षण कोठे झाले?" असे विचारावे, तर "बोर्डाच्या शाळेत" असे उत्तर अद्यापही मिळते. शेजारी बसलेल्या नातवंडास वाटते, आजोबा वर्गातल्या फळ्याविषयीच काही सांगत आहेत. आजोबांच्या मनातले बोर्ड निराळे. ते होते डिस्ट्रिक्ट स्कूलबोर्ड. म्हणजे गावोगावच्या प्राथमिक शाळा चालविण्यासाठी निवडून दिलेल्या माणसांचे मंडळ. हे बोर्ड १९६२ साली गेले, पण त्याचे नाव जुन्या माणसांच्या तोंडी राहिले. दिवाळीच्या सुटीत, शाळेला कुलूप असताना, पुन्हा शाळेचाच विषय काढला म्हणून घरातली बालमंडळी मजवर रुसतील. परंतु फराळाच्या ताटाभोवती तीन पिढ्या एकत्र बसतात त्या ह्याच दिवसांत. आणि आपली शाळा कोणाच्या हुकमाने उघडली व कोणाच्या मताने चालली, ही हकीकत तिन्ही पिढ्यांनी मिळून ऐकण्याजोगी आहे.

तिचा आरंभ करावयाचा तर कागलापासून करावा. कोल्हापूरच्या दक्षिणेस असलेल्या ह्या लहानशा गावाशी दोन मोठ्या माणसांचा संबंध आहे. एक, कागलकर घाटग्यांच्या घरचे यशवंतराव. १८८४ साली ते दत्तक जाऊन करवीरचे शाहू छत्रपती झाले. दुसरे गोपाळ कृष्ण गोखले. त्यांचा जन्म कोकणातला, पण लहानपण कागलात गेले आणि पुढचे शिक्षण कोल्हापुरास झाले. प्रत्येक मुलाला शाळेत बसविलेच पाहिजे, हा ध्यास दोघांनीही घेतला. मार्ग मात्र दोघांचे भिन्न होते, आणि त्या दोन मार्गांतच पुढच्या शंभर वर्षांचा वाद साठविलेला आहे.

गोखल्यांनी १९११ साली वरिष्ठ कायदे कौन्सिलात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे बिल आणले. बिल मोठे सौम्य होते. सक्ती करावयाची की नाही, हे ज्या त्या नगरपालिकेने वा जिल्हा बोर्डाने ठरवावे, त्यास सरकारची संमती घ्यावी, आणि आरंभ सहा ते दहा वर्षांच्या मुलग्यांपासून करावा, अशी त्याची योजना होती. गावच्या शाळेचा निर्णय गावच्या प्रतिनिधींनी घ्यावा, ही त्यातली मूळ कल्पना. १९१२ च्या मार्चमध्ये हे बिल १३ विरुद्ध ३८ मतांनी पडले. पुढे १९१८ साली विठ्ठलभाई पटेलांच्या खटपटीने मुंबई इलाख्यात ह्याच धर्तीचा कायदा झाला. पण तोही नगरपालिकांपुरता, आणि ज्यांची इच्छा असेल त्यांच्यापुरता.

कोल्हापुरात मतांची मोजणी झाली नाही. तेथे १९१७ साली महाराजांचा हुकूम निघाला: संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत. जो बाप मुलाला शाळेत धाडणार नाही त्याला महिना एक रुपया दंड. त्या काळी मजुराच्या घरी एक रुपया म्हणजे थट्टा नव्हती. १९१८ च्या मार्चमध्ये करवीर पेट्यातील चिखली गावी ह्या योजनेतली पहिली शाळा सुरू झाली. हुकूम निघाला तेव्हा गोखले हयात नव्हते. पाठोपाठ १९१९ साली अस्पृश्यांच्या मुलांसाठी वेगळ्या शाळा ठेवण्याची पद्धत महाराजांनी मोडली, आणि सर्व जातींची मुले एका शाळेत बसवावीत असे फर्माविले. मुलींच्या शाळांची देखरेख त्यांनी रखमाबाई केळवकरांकडे दिली होती. त्या दिवसांत कोल्हापुरातल्या किंवा पुण्यातल्या नागरिकांना मत विचारले असते, तर ह्या तीन गोष्टींपैकी किती मंजूर झाल्या असत्या, ह्याचा अंदाज वाचकांनीच करावा. माझा अंदाज मी सांगत नाही. सणासुदीच्या दिवशी पूर्वजांना नावे ठेवू नयेत.

तथापि हुकमाच्या शाळेला एक उणेपणा असतो. ती हुकूम देणाऱ्याच्या आयुष्याला बांधलेली असते. ६ मे १९२२ रोजी महाराज वारले तेव्हा त्यांचे वय सत्तेचाळीस होते. शिवाय, दंडाचा रुपया भरणाऱ्या बापाला शाळेविषयी बोलण्याची जागा ह्या व्यवस्थेत कोठेच नव्हती. मास्तर वेळेवर येतो की नाही, छपराची कौले फुटली तर कोण बदलणार, हे त्याने विचारावयाचे कोणाला? मामलेदारापुढे उभे राहून असे प्रश्न विचारण्याची छाती खेड्यातल्या कुणब्याला एका दिवसात येत नाही.

संस्थानच्या हद्दीबाहेर, इंग्रजी मुलखात, त्याच सुमारास उलटा प्रयोग चालू झाला. १९१९ च्या सुधारणांनी शिक्षणखाते लोकनियुक्त मंत्र्यांकडे आले. मुंबई इलाख्याचे पहिले शिक्षणमंत्री रँग्लर परांजपे. त्यांच्या कारकिर्दीत १९२३ चा प्राथमिक शिक्षणाचा कायदा झाला, आणि शाळांचा कारभार सरकारी खात्याकडून काढून जिल्हा लोकल बोर्डांनी व मोठ्या नगरपालिकांनी निवडलेल्या स्कूलबोर्डांकडे देण्याचे ठरले. परांजप्यांच्या मागून ते खाते भास्करराव जाधवांकडे आले. सत्यशोधक चळवळीतले हे गृहस्थ शाहू महाराजांच्या पदरी अधिकारी होते. म्हणजे कोल्हापूरच्या हुकमाखाली तयार झालेल्या माणसाकडेच पलीकडच्या मुलखातल्या मतांच्या शाळा पाहण्याचे काम आले!

ह्या निवडणुकांत एवढी चुरस कशासाठी, असे आजच्या वाचकास वाटेल. त्याचे कारण उघड आहे. खेड्यात पगारी, लिहिता-वाचता आणि घरोघर ओळख असलेला माणूस एकच, तो म्हणजे शाळामास्तर. व्हर्नाक्युलर फायनल झालेल्या पोराला मिळण्याजोगी नोकरीही बहुधा हीच. मास्तर नेमणे आणि मास्तराची बदली करणे ज्याच्या हाती, त्याच्या हाती तालुका. ब्राह्मण-ब्राह्मणेतर वादाचे ते दिवस. लोकल बोर्ड आपल्या पक्षाकडे असावे म्हणून दोन्ही बाजू कंबर बांधत, आणि बोर्ड हाती आले की स्कूलबोर्ड आपोआप येई. बहुजनसमाजातली शेकडो मुले ह्या वाटेने मास्तर झाली, हा मोठा लाभ. पण ज्या मास्तराने निवडणुकीत चुकीच्या बाजूस मान हलविली, त्याचे बिऱ्हाड पावसाळ्याच्या तोंडावर बैलगाडीत चढे, हेही तितकेच खरे. 'बदली' ह्या शब्दाला मास्तरांच्या घरात जी दहशत आली ती ह्याच काळात.

ह्याहून मोठा दोष मताधिकारातच होता. मत होते ते शेतसारा भरणाऱ्याला, घरपट्टी भरणाऱ्याला. ज्याच्या नावे जमीन नाही, घर नाही, त्याचे मूल शाळेत होते, पण त्याचे मत पेटीत नव्हते. मग त्या मुलाला वर्गात बसवावयाचे की बाहेरच्या पडवीत, हे कोण ठरविणार? ज्यांच्या मतावर बोर्ड निवडून आले ते! डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हे नेमके हेरले. १९२० साली माणगावच्या परिषदेत शाहू महाराजांबरोबर बसलेले हेच बाबासाहेब. सायमन कमिशनपुढे १९२८ साली बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने जे निवेदन त्यांनी दिले, त्यात प्राथमिक शिक्षण स्कूलबोर्डांच्या हवाली करणे थांबवावे, नाही तर अस्पृश्य मुलांच्या शिक्षणाची पीछेहाट होईल, असे स्पष्ट बजावले. लोकशाहीचा एवढा मोठा कैवारी आणि तो निवडून आलेल्या मंडळाला विरोध करतो, हे प्रथमदर्शनी कोड्यासारखे वाटते. कोडे मुळीच नाही. मत देणारे थोडे आणि शिकणारे सर्व, अशा ठिकाणी निवडणूक म्हणजे बलवानांची आपसातली वाटणी होते, एवढेच त्यांचे म्हणणे.

ह्या तक्रारींचा परिणाम सावकाश झाला. १९३८ साली बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळाने कायदा दुरुस्त केला आणि बोर्डाचा मुख्य कारभारी सरकारी नोकर केला. १९४७ चा नवा कायदा त्याच वाटेने पुढे गेला. मास्तरांची निवड करावयास समिती आली. तीत बोर्डाच्या अध्यक्षाशेजारी सरकारी अंमलदार बसू लागले. थोडक्यात, बोर्डाच्या हाती शाळा राहिली, पण मास्तराच्या मानेवरचा हात थोडा सैल झाला.

१ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, आणि जिल्ह्याच्या इतर कारभाराबरोबर हा कायदाही आमच्याकडे आला. हुकमाच्या शाळेची अशा रीतीने मतांच्या शाळेशी गाठ पडली. बोर्डाची निवडणूक थेट लोकांची नव्हे. लोकल बोर्डाचे सभासद स्कूलबोर्डाचे सभासद निवडीत. मतदार मूठभर, म्हणून प्रत्येक मताचा भाव मोठा. पण ह्याच बोर्डांच्या काळात कित्येक गावांत देवळाच्या ओवरीत भरणारी शाळा स्वतःच्या चार भिंतींत गेली. गावाने दगड वाहिले, लाकूड दिले, श्रमदान केले आणि बोर्डाने मास्तर दिला. आपल्या हाताने बांधलेल्या शाळेला माणसे 'बोर्डाची' म्हणत, तेव्हा त्यात थोडे 'आमची' हेही असे. म्हणूनच बहुधा तो शब्द मेला नाही.

१ मे १९६२ रोजी महाराष्ट्रात जिल्हा परिषदा सुरू झाल्या आणि जिल्ह्याची स्कूलबोर्डे त्यांत विरून गेली. शहरांत मात्र नगरपालिकेचे शिक्षण मंडळ राहिले. कोल्हापूरची नगरपालिका १८५४ सालची; १९७२ साली ती महानगरपालिका झाली, तरी नगरसेवकांनी शिक्षण मंडळाचे सभासद निवडावयाचे आणि सभासदांनी सभापती, हा शिरस्ता चालू राहिला. पेठापेठांतल्या तालमी ज्या शहरात राजकारणाच्या शाळा आहेत, तेथे शाळांचेही राजकारण व्हावे, ह्यात नवल ते काय? अखेर २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानंतर १९४७ चा कायदा निरुपयोगी ठरला. २०१३ साली महाराष्ट्राने तो रद्द केला, आणि शहरोशहरची शिक्षण मंडळे मुदत संपेल तशी क्रमाने मिटली.

मग शाळेची निवडणूक संपली काय? नाही, ती एक पायरी खाली उतरली. नव्या कायद्याने प्रत्येक सरकारी शाळेला व्यवस्थापन समिती दिली आहे. तिच्यात तीनचतुर्थांश सभासद मुलांचे आईबाप असावेत, एकंदरीत निम्म्या स्त्रिया असाव्यात, आणि दुर्बल घटकांतील पालकांना त्यांच्या मुलांच्या प्रमाणात जागा मिळाव्यात, असा दंडक आहे. शेतसाऱ्याची अट गेली. ज्याचे मूल वर्गात, त्याचा आवाज सभेत. आंबेडकरांच्या आक्षेपास इतके सरळ उत्तर त्याआधीच्या कोणत्याही कायद्याने दिले नव्हते. पालकसभेत ही निवड होते. तेथे बोर्डाच्या निवडणुकीची चुरस नाही, मिरवणूक नाही, गुलालही नाही. पुष्कळदा माणसेच नसतात. कोणीतरी नाव सुचवितो, दुसरा अनुमोदन देतो, चहा येतो आणि सभा संपते. ज्या हक्कासाठी दोन पिढ्या भांडल्या, तो दारात चालत आल्यावर आपण शेतावर किंवा कारखान्याच्या पाळीवर निघून जातो.

ही सभा किती मोलाची आहे, हे दिवाळीनंतर आमच्या जिल्ह्यात फार चांगले दिसते. साखर कारखान्यांचे गाळप सुरू होते आणि बीडकडची ऊसतोड कुटुंबे बैलगाड्या, ट्रॅक्टर घेऊन येतात. पाल पडते उसाच्या फडाशेजारी. बरोबर सहा-सात वर्षांची पोरे असतात. त्यांच्या आईबापांचे मत येथे नाही. मतदारयादीत नाव आहे ते दूरच्या गावी. गावच्या निवडणुकीत उभ्या राहिलेल्या कोणालाही त्यांच्याशी कर्तव्य नसते. कायदा म्हणतो की वर्षाच्या मध्ये आलेल्या मुलालाही जवळच्या शाळेने घेतलेच पाहिजे, आणि त्याच्या वयाच्या वर्गात बसविले पाहिजे. हा आजच्या काळातला शाहू महाराजांचा हुकूम. पण हुकूम फडापर्यंत आपल्या पायांनी चालत जात नाही. फडावर जाऊन पोरांची नावे कोणी लिहून आणावयाची, त्यांना पाटी-पुस्तक कोणी द्यावयाचे, आपल्या मुलाशेजारी त्यांना बसू द्यावयाचे की नाही, हे शेवटी गावच्या शाळेत जमलेले दहा-बारा आईबापच ठरवितात.

ह्या सबंध इतिहासातून मला जे उमगले ते एवढेच. नुसत्या मतावर शाळा सोडली, तर ज्याला मत नाही त्याचे मूल बाहेर राहते. नुसत्या हुकमावर सोडली, तर ती कोणाचीच होत नाही. दुबळ्याच्या मुलाला आत घेण्याची सक्ती वरून हवी, आणि ती पाळली जाते की नाही हे पाहणारे डोळे गावातले हवेत. म्हणून वाचकांना माझी एक विनंती आहे. सुटी संपून शाळा उघडली आणि मुलाच्या दप्तरातून पालकसभेची चिठ्ठी घरी आली, की ती चकलीच्या डब्याखाली ठेवून विसरू नका. घरातील एकाने तरी जावे. शक्य तर आईने जावे. आणि तेथे गेल्यावर आपल्या मुलाच्या मार्कांची चौकशी झाली, की एक प्रश्न आणखी विचारावा: फडावरची पोरे शाळेत आली का?