मानमोडीच्या वर्षी चूल कोण पेटवत होते?

(दीर्घ धागा. सवडीने वाचावा.)

साथींचा विषय निघाला की आपण पुण्याच्या प्लेगवर येतो आणि तेथून थेट २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर पोहोचतो. तपासणीच्या निमित्ताने गोरे सोजीर घराघरांत शिरले, देवघरात आणि स्वयंपाकघरातही गेले, हा संतापाचा मुद्दा शाळेपासून आपल्याला ठाऊक असतो. पण स्वयंपाकघर इतिहासात डोकावते ते तेवढ्यापुरतेच. सोजीर निघून गेल्यावर त्या चुलीवर काय शिजले, मुलांना कोणी व केव्हा वाढले, हे विचारायला कोणी थांबत नाही. आज तेच विचारू या. मात्र प्लेगविषयी नव्हे, तर १९१८ च्या इन्फ्लुएन्झाविषयी. महाराष्ट्रात जुनी माणसे त्याला ‘मानमोडी’ म्हणत.

पार्श्वभूमी थोडक्यात. जून १९१८ मध्ये मुंबईच्या गोदीवर पहारा देणारे सात पोलीस शिपाई तापाने आजारी पडले. पहिली लाट सौम्य होती. सप्टेंबरात दुसरी आली आणि ६ ऑक्टोबर या एकाच दिवशी मुंबईत ७६८ मृत्यू नोंदले गेले. रेल्वेने साथ देशभर नेली. भारतातील बळींचे अंदाज सव्वा कोटीपासून पावणेदोन कोटींच्याही पुढे जातात. शिवाय त्या वर्षी पाऊस दगा देऊन गेला होता. धान्याचे भाव चढले होते आणि चाऱ्याअभावी दूधही दुर्मीळ झाले होते.

आता आकड्यांतील एक विचित्र गोष्ट पाहा. फ्लूने एरवी तान्ही मुले आणि वृद्ध दगावतात. १९१८ मध्ये मृत्यूचा सर्वाधिक घाला २० ते ४० या वयोगटावर पडला. ही जगभरची गोष्ट. भारतात मात्र त्यात आणखी एक भर होती : येथे पुरुषांपेक्षा स्त्रियांच्या मृत्यूचे प्रमाण अधिक होते. म्हणजे लोकसंख्येच्या कोष्टकातून जी व्यक्ती सर्वाधिक पुसली गेली, ती होती विशी-तिशीतली बाई. घरातल्या मुलांना रोज दोन वेळा वाढणारी तीच.

इतिहासकार याची कारणे सांगतात ती अशी : आजाऱ्याची शुश्रूषा बायकांकडे, धुराने कोंदलेल्या बंद खोलीतला वावर बायकांचा, आणि पोषणात त्या मुळातच मागे. या तिसऱ्या कारणापाशी मला थांबावेसे वाटते, कारण ते सरळ घराच्या रीतीतून येते. आधी पुरुष जेवणार, मग मुले, आणि भांड्यात उरेल त्यावर बायका. सुकाळात ही रीत अंगावर येत नाही. दुष्काळाच्या वर्षी ‘उरेल ते’ म्हणजे बहुधा काहीच नाही. पंगतीचा क्रम ही आपल्याला संस्कृतीची बाब वाटते. १९१८ मध्ये ती जीवनमरणाची बाब ठरली आणि तिची झळ अखेर ज्यांना आधी वाढले जात होते त्या मुलांनाच पोहोचली.

ती कशी, हे समजण्यासाठी त्या काळच्या देशावरच्या घराचा दिवस डोळ्यांसमोर आणा. पहाटे जाते सुरू होई. ज्वारी-बाजरीचे पीठ साठवून ठेवण्यासारखे नसते. बाजरीचे तर चार दिवसांत कडवट होते. म्हणून दळण रोजचे किंवा एकाआड एक दिवसाचे. मग पाणी, मग चूल. मुलांची न्याहारी बहुधा रात्रीची शिळी भाकरी, दुपारी ताजी, आणि दिवेलागणीनंतर पुन्हा चूल. मूल भाकरी खाते ते त्याला भाकरी आवडते म्हणून नव्हे. पहाटे कोणीतरी जात्याशी बसते म्हणून. आवड नंतर येते.

या दिवसाचा एकच खिळा निघाला तर काय होते? घरातली बाई तापाने पडली की दळण थांबते. कणगीत धान्य असूनही भाकरी नाही. उरते ते न दळता शिजणारे : पातळ पेज, कण्या, घुगऱ्या. त्यातून तापकऱ्याला लंघन घालण्याची जुनी पद्धत. ताप उतरला की पेज, मग मुगाचे कढण, मग मऊ भात, अशी पथ्याची चढती पायरी. ती पाळायलाही कोणीतरी उभे असावे लागते. खुद्द गांधीजींनी त्या काळात एका पत्रात सांगितले होते की, बरे वाटू लागल्यावरही पूर्ण विश्रांती घ्यावी आणि पचायला हलका द्रव आहारच घ्यावा. सल्ला योग्यच होता. पण तीन मुले आणि आजारी नवरा असलेल्या बाईला पूर्ण विश्रांती म्हणजे घरात चूल बंद.

अशा वेळी एरवी शेजारीण भाकरी देते. साथीत सगळी आळीच अंथरुणाला खिळलेली असते. मुंबईत सोशल सर्व्हिस लीगसारख्या संस्था आणि जातीजातींच्या मंडळ्या मदतीला धावल्या, औषधे वाटली, दवाखाने उघडले. हे मोठे काम होते, ते कमी लेखू नये. तरीही मदत बरीचशी जातीच्या वाटांनीच वाहत होती, आणि कोणाच्या हातचे अन्न मुलाच्या तोंडी जाईल हेही जातच ठरवीत होती. मुंबईच्या आरोग्य खात्याने तेव्हा समाजनिहाय आकडे काढले होते : युरोपीयांत दर हजारी ८.३ मृत्यू, पारशांत ९, आणि ज्यांना अहवालात ‘खालच्या जातीचे हिंदू’ म्हटले आहे त्यांच्यात ६१.६. विषाणू जात पाहत नव्हता. खोलीचा आकार, ताटातले अन्न आणि मदतीचे दार मात्र जातीप्रमाणे बदलत होते.

गिरणगावात घराचे घड्याळ जात्यावर नव्हे, गिरणीच्या भोंग्यावर चाले. १८९१ च्या कायद्याने स्त्रियांच्या कामाला दिवसाला ११ तासांची मर्यादा घातली होती. मर्यादा म्हणजे ही! तान्हे मूल रडू नये म्हणून त्याला अफूची ‘बाळगोळी’ देण्याची सवय या चाळींत सर्रास होती. ती भुकेवरचा उपाय नव्हती, भूक गप्प बसवण्याचा उपाय होती. आईला दोष देणे सोपे आहे. पण तिच्या आणि बाळाच्या मध्ये ११ तास उभे होते. १९२१ साली मुंबईतील अर्भकमृत्यूचा दर हजारी ६६६ इतका नोंदला गेला आहे. (हा आकडा जपून वापरावा. पुष्कळ बायका बाळंतपणाला गावी जात, त्यामुळे जन्म शहरात नोंदले जात नसत आणि मृत्यू मात्र नोंदले जात. आकडा फुगलेला आहे, तरी पोकळ नाही.)

आई गेल्यावर मुलाचे खाणे दुसऱ्याच घराचे होते. आजोळी, आत्याकडे किंवा सावत्र आईच्या हाती. गांधीजींच्या घरीच हे घडले. हरिलाल यांच्या पत्नी गुलाब १९१८ च्या साथीत वारल्या, त्यांचा एक लहान मुलगाही गेला. उरलेल्या मुलांची जबाबदारी मुख्यतः कस्तुरबांवर आली. आईच्या हातचे जेवण संपले आणि आश्रमाच्या घंटेवर चालणाऱ्या दिवसात आजीच्या हातचे सुरू झाले. या मुलांना निदान ती आजी तरी होती.

आता शंभर वर्षे पुढे. २०२० च्या टाळेबंदीत परिस्थिती वरवर उलटी दिसते : आई घरी, वडील घरी, सगळे घरी. इटलीतील व्हेरोना येथे लठ्ठपणा असलेल्या ४१ मुलांचा टाळेबंदीच्या तिसऱ्या आठवड्यात अभ्यास झाला. दिवसाकाठी त्यांची जेवणे सरासरी १.१५ ने वाढली होती, पडद्यासमोरचा वेळ जवळजवळ पाच तासांनी वाढला होता. वेफर आणि गोड पेये वाढली होती, भाज्या जेवढ्यास तेवढ्या होत्या. अभ्यास छोटा आहे, त्यावर फार इमले बांधू नयेत. परंतु त्या मुलांची जीभ तीन आठवड्यांत बदलली नव्हती. बदलली होती ती दिवसाची आखणी. शाळेची घंटा नव्हती आणि स्वयंपाकघराचे दार दिवसभर उघडे होते.

आपल्याकडे त्याच घंटेला दुसरा अर्थ होता. शाळेतली खिचडी. १९९५ मध्ये केंद्राची योजना सुरू झाली तेव्हा महाराष्ट्रात मुलांना शिजवलेले अन्न नव्हे, तर महिन्याला ३ किलो तांदूळ मिळत असे. तो तांदूळ घरी जाई, घराच्या डब्यात पडे आणि घराच्या क्रमाने वाटला जाई. २८ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शिजवलेलेच अन्न द्यावे असा आदेश दिला : किमान ३०० उष्मांक, ८ ते १२ ग्रॅम प्रथिने, वर्षातून किमान २०० दिवस. या आदेशाकडे सहसा पोषणाच्या अंगाने पाहिले जाते. मला त्यात १९१८ चे उत्तर दिसते. शाळेतील ताट मुलाचे एकट्याचे असते. घरी कोण आजारी आहे, कोण आधी जेवते, दळण झाले की नाही, यावर ते अवलंबून नसते. मुलीला भावाच्या मागे थांबावे लागत नाही.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि हे ताट नाहीसे झाले. १८ मार्चला सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेऊन राज्यांना विचारणा केली. केरळ घरपोच अन्न देत असल्याचा उल्लेखही तेव्हा झाला. महाराष्ट्रासह बहुतेक राज्यांनी कोरडा शिधा वाटला. त्या परिस्थितीत दुसरा मार्ग सोपा नव्हता, हे मान्य. पण २००१ मध्ये जे अन्न घराच्या क्रमातून बाहेर काढले होते, ते २०२० मध्ये पुन्हा त्याच क्रमात गेले. निकष होता प्राथमिकच्या मुलामागे दिवसाला १०० ग्रॅम धान्याचा. पिशवी मोजून दिली गेली. रोजगार गेलेल्या पाच-सहा जणांच्या घरात त्यातले किती त्या मुलाच्या ताटात पडले, हे पिशवी मोजणाऱ्याला कळण्याचा मार्ग नव्हता.

१९१८ च्या कागदपत्रांतही हीच पोकळी आहे. मृत्यू मोजले गेले, भाव नोंदले गेले, ताट कोणी मोजले नाही. त्यामुळे एक विनंती. तुमच्या घरात पणजी-पणजोबांकडून आलेली मानमोडीची एखादी आठवण असेल, विशेषतः आई अंथरुणावर असताना मुलांनी काय खाल्ले, भाकरी कोणी थापली, कोण कोणाच्या घरी जेवायला गेले, तर खाली लिहा. गाव आणि जिल्हा आवर्जून सांगा. नावे नकोत.