बरा झालेला खेळाडू

आयुष्य इतिहास शिकवण्यात गेलं, त्यामुळे कुठलाही नियम दिसला की तो का आला आणि पुढे कुणावर उलटला, हे शोधायची खोड काही जात नाही. आजचा नियम अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉलचा, म्हणजे एनबीएचा आहे. मंडळी, खेळ कळत नसला तरी वाचा, कारण यात खेळ कमी आणि हिशेबच जास्त आहे.

१९८३ साली संघमालक आणि खेळाडूंची संघटना यांच्यात करार झाला. १९८४-८५ च्या हंगामापासून प्रत्येक संघाच्या एकूण पगारावर मर्यादा आली. पहिल्या वर्षी ती होती ३६ लाख डॉलर. पैसेवाल्या संघांनी सगळे चांगले खेळाडू पळवू नयेत, हा हेतू. (पळवाटा पुष्कळ ठेवल्या, ते सोडा.) पण करार बहुतेक हमीचे असतात. गुडघा निकामी झाला तरी पगार चालू राहतो आणि मर्यादेत मोजलाही जातो. मग संघाने बदली माणूस आणायचा कुठून? त्यावर तोड अशी निघाली की, शेवटच्या सामन्यानंतर ठरावीक मुदत गेली आणि त्रयस्थ डॉक्टरने "याचं खेळणं संपलं" असा निर्वाळा दिला, की त्याचा पगार मर्यादेतून वगळायचा. पैसे खेळाडूला मिळतच राहतात, फक्त संघाच्या हिशेबाच्या वहीत ते धरत नाहीत.

इथवर सगळं माणुसकीचं वाटतं. पण तो बरा झाला तर?

डेरियस माइल्स २००० साली शाळेतून थेट एनबीएत आला, तेव्हा अठरा वर्षांचा होता. पुढे पोर्टलंडच्या संघाने त्याला सहा वर्षांचा ४ कोटी ८० लाख डॉलरचा करार दिला. २००६ मध्ये गुडघ्याची मोठी शस्त्रक्रिया झाली. २००८ मध्ये त्याची कारकीर्द संपल्याचा निर्वाळा मिळाला, संघाने त्याला मोकळं केलं आणि उरलेले १ कोटी ८० लाख डॉलर मर्यादेतून गेले. त्या मोकळ्या जागेवर पोर्टलंडने पुढचे बेत आखले असणारच.

माइल्स मात्र खेळायला हटून बसला होता. बोस्टनकडून तो सहा सराव सामने खेळला, मग मेंफिसने त्याला घेतलं. त्या वेळचा नियम असा की, दहा सामने खेळला तर सगळा पगार जुन्या संघाच्या माथी परत! आणि सराव सामनेही त्यात धरायचे. भरीस भर म्हणजे, ठरलेल्या रेषेवर खर्च गेला की संघाला दंडकर भरावा लागे आणि तो पैसा न भरणाऱ्या संघांत वाटला जाई. म्हणजे माइल्सला मैदानात उतरवण्यात इतरांचा फायदा होण्याची शक्यता होतीच.

जानेवारी २००९ मध्ये पोर्टलंडने बाकीच्या सर्व संघांना ईमेल पाठवला: केवळ आम्हाला गोत्यात आणण्यासाठी याला घ्याल तर कोर्टात खेचू. खेळाडूंची संघटना खवळली. विचार करा, सत्तावीस वर्षांचा मुलगा धडपडून पायावर उभा राहतो आणि त्याला कामावर घेऊ नका म्हणून चिठ्ठ्या फिरतात! मला पोर्टलंडचा राग आला, हे लपवत नाही. पण त्यांची बाजूही आहे. डॉक्टर त्यांनी नेमलेला नव्हता, निर्वाळा त्यांचा नव्हता, आणि भुर्दंड मात्र त्यांना.

मेंफिसने ऐकलं नाही. त्याच महिन्यात माइल्सचा दहावा सामना झाला. २००८-०९ आणि २००९-१० या दोन्ही हंगामांच्या खात्यांवर ९०-९० लाख परत आले. तो हंगाम माइल्स खेळत राहिला, त्यानंतर मात्र एनबीएत पुन्हा दिसला नाही.

पुढच्या, २०११ च्या करारात दहाचे पंचवीस सामने झाले.

मायामीच्या क्रिस बॉशचं प्रकरण आणखी चमत्कारिक. त्याच्या रक्तात गाठी होत. २०१५ मध्ये फुफ्फुसात, २०१६ मध्ये पुन्हा. त्याला खेळायचं होतं, संघ परवानगी देईना. शेवटी २०१७ मध्ये लीग, संघटना आणि संघ यांनी बसून खास समझोता केला. पैसे बॉशला पूर्ण मिळाले आणि तो दुसरीकडे खेळला तरी मायामीवर बोजा येणार नाही, असं ठरलं. तो पुन्हा खेळलाच नाही. मार्च २०१९ मध्ये मायामीने त्याची १ नंबरची जर्सी समारंभाने निवृत्त केली.